भागीची एकसष्ट पिल्लं

एकसष्टपैकी अडतीस पिल्लं भागीची नव्हतीच.

सोमवारी सकाळी, नागपूरच्या कार्यालयात पहिला चहा यायच्या आत, हे माझ्या पडद्यावर उमटलं. खोटं कशाला बोलू, मला धक्का बसला नाही, उलट बरं वाटलं. वर्षभर मी कंठशोष करून सांगत होते की चिखलदऱ्याचे आकडे फार चांगले आहेत, आणि फार चांगल्या आकड्यांच्या मागे कुणीतरी दडून बसलेलं असतं. आमचे साहेब हसायचे. इंगोलेबाईंच्या हातावर तीर्थ ठेवलं तरी त्या आधी पाणी कुठलं ते विचारतील, म्हणायचे. विचारते मी. तेवीस वर्षं जनावरांच्या वंशनोंदी तपासते आहे आणि तेवढ्या काळात तीन मेलेले बोकड बाप झालेले पाहिले आहेत.

भागी ही अंगोरा जातीची सशाची मादी. चिखलदऱ्याच्या पठारावर द्रुपदाबाई खडके यांच्या बायकांच्या गटानं चालवलेल्या केंद्रात ती राहते. अंगोरा सशाची लोकर मेंढीच्या लोकरीपेक्षा कितीतरी मऊ आणि ऊबदार, पण मधल्या काळात तिचा बाजार पार बसला होता. कुठल्याशा परदेशातल्या पिंजऱ्यांमधली चित्रफीत जगभर फिरली. लोकर ओरबाडली जाते आहे आणि ससा किंचाळतो आहे, हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं, आणि घरातल्या शाली कपाटाच्या तळाशी गेल्या. आता बाजार पुन्हा उभा राहिला आहे तो एका अटीवर. कातरताना ससा घाबरलेला नव्हता याचा पुरावा प्रत्येक गासडीबरोबर द्यावा लागतो.

हा पुरावा देणाऱ्या यंत्राला आम्ही 'पारख' म्हणतो. कातरणीच्या टेबलावर त्याचे तीन डोळे असतात. कानांची ठेवण, नाकपुड्यांची थरथर, श्वास आणि कातडीखालच्या रक्ताची धडधड हे सगळं बघून ते शांतपणाचे शंभरपैकी गुण देतं. देशभरातल्या केंद्रांची सरासरी पंचेचाळीस आहे. भागीच्या नावावरच्या पिल्लांची सरासरी होती त्र्याऐंशी.

आता माझं काम. एखादा ससा शांत आहे म्हणून त्याची पिल्लं शांत होतील असं नसतं. तो चारा बरा मिळाला म्हणून शांत असेल, हवा थंड होती म्हणून असेल, किंवा त्या दिवशी नशीब बरं असेल. त्यातलं रक्तातून पुढे जाणारं किती, हे एकट्या सशाकडे पाहून कळत नाही. त्याची आई, भावंडं, मावश्या, पिल्लं अशा शेकडो नातेवाइकांचे गुण एकत्र मांडले की गणितातून एक आकडा निघतो. त्याला पैदास-मूल्य म्हणतात. हे सगळं गणित नात्यांवर उभं असतं. नातं चुकलं की आकडा चुकतो, आणि चुकलेला आकडाही बरोबर आकड्याइतकाच रुबाबदार दिसतो.

भागीचं पैदास-मूल्य देशात पहिलं होतं. तिच्या नावावरचे चाळीस नर निवडून ठेवले होते आणि गुरुवारी ते चाळीस डोंगरी केंद्रांकडे रवाना होणार होते. दोन वर्षांत त्यांची पिल्लं लाखावर गेली असती. सही माझी लागणार होती. पिल्लागणिक रक्ताच्या नात्याची तपासणी खेड्यातल्या केंद्रांना झेपत नाही, म्हणून ती फक्त शेवटच्या निवडीपूर्वी, लोकरीच्या मुळांवरून होते. तपासणी सोपी आहे. वंशसूत्राच्या प्रत्येक जागी दोन अक्षरं असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. आईकडे दोन्ही 'क' असतील तर पिल्लाकडे दोन्ही 'ख' असूच शकत नाहीत. एखाद्या जागी यंत्र चुकू शकतं. अडतीस पिल्लांच्या बाबतीत ही अशक्य गोष्ट दोन-दोन हजार जागी घडली होती.

म्हणजे एक तर पिल्लं बदलली होती, नाहीतर नमुने. मी नमुन्यांच्या पाकिटांची यादी उघडली. सगळ्या एकसष्ट पाकिटांवर एकच अक्षर, एकच शाई, एकच तारीख. गोळा करणाऱ्याचं, म्हणजे त्या केंद्रावरच्या आमच्या खात्याच्या तात्पुरत्या संकलकाचं नाव प्रफुल्ल इंगोले. माझा धाकटा भाऊ.

इथे मी जे केलं ते नियमाला धरून होतं, हे आधी सांगते. संशय आला की संशयिताशी बोलायचं नाही आणि आधी शेरा नोंदवायचा, असा नियम आहे. तो मीच समितीत बसून करवून घेतला होता. कारण बोललं की लोक रडतात, आणि रडलं की तपासणारा विरघळतो. नातेवाईक असेल तर प्रकरण दुसऱ्याकडे देता येतं, पण दुसरा तपासनीस रजेवर होता आणि गुरुवार तीन दिवसांवर. नात्याच्या रकान्यात मी 'सख्खा भाऊ' असं स्पष्ट लिहिलं, म्हणजे कुणी म्हणायला नको की बहिणीनं झाकलं. आणि शेरा टाकला: नमुने संशयास्पद, संकलकाची चौकशी व्हावी, तोपर्यंत त्यास कामापासून दूर ठेवावे.

संशयाला जागा नव्हती असं नाही. दहावीत असताना प्रफुल्लनं प्रगतिपुस्तकावर आमच्या बाबांची खोटी सही केली होती. ती पकडली मीच. जित्याची खोड, असं माझ्या मनात आलं आणि मी बटण दाबलं. शेरा देशातल्या सगळ्या केंद्रांच्या पडद्यांवर एका क्षणात लाल अक्षरांत दिसायला लागला. पुढच्या महिन्यात प्रफुल्ल नोकरीत कायम होणार होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मंगळवारी मी परतवाड्याहून घाट चढत होते. सोबत रक्ताचं नातं वाचायचं डब्याएवढं यंत्र होतं. ते दोन तासांत जागेवर निकाल देतं, म्हणजे पाकीट कुणाच्या हातातून जायलाच नको. वळणावळणाला मी मनात प्रश्न जुळवत होते, आणि मधेमधे नको ते आठवत होतं. आई गेली तेव्हा प्रफुल्ल चोवीस दिवसांचा होता आणि मी अकरा वर्षांची. बाबा अकोल्याच्या कापूस-जिनिंगमध्ये दोन पाळ्या करायचे. बाटली उकळणं, दूध कोमट करून मनगटावर थेंब टाकून बघणं, ढेकर येईपर्यंत खांद्यावर घेऊन अंगणात फिरणं, हे सगळं माझ्याकडे आलं. तो सहा वर्षांचा झाला आणि शाळेत गेला. गुरुजींनी आईचं नाव विचारलं तर यानं सांगितलं कुंदा, म्हणजे माझं. गुरुजींनी लिहून घेतलं. मला महिन्यानं कळलं, तेव्हा मी जाऊन ते खोडून 'कै. शकुंतला' असं दुरुस्त करून आले. पुढे दाखल्यांना अडचण आली असती. घरी सांगितलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही, आणि मी म्हटलं, लहान आहे, विसरेल.

केंद्राच्या फाटकाशी तो उभाच होता. हातात फोन, अंगात संकलकाचा निळा सदरा. मला वाटलं होतं तो आरडाओरडा करेल. त्यानं माझ्या हातातलं यंत्र घेतलं, आत नेऊन टेबलावर ठेवलं, आणि मग विचारलं.

"ताई, शेरा टाकायच्या आदी मले एक फोन काहून नाई केला?"

मी नियम सांगितला.

"म्हंजे मी संशयित." तो मान हलवत म्हणाला. "बरं. मंग मी बाहीर बसतो. नाईतर म्हनशील, हात लावला."

तो खरंच बाहेर जाऊन बाभळीखालच्या बाकावर बसला. मला तेही संशयास्पद वाटलं. निर्दोष माणूस इतका शांत राहत नाही, असं माझं त्या वेळचं मत होतं.

द्रुपदाबाई साठीच्या, हाडापेरानं मजबूत, बोलायला गोड. त्यांचं घराणं गवळ्यांचं. पठारावर गाईम्हशी राखण्यात पिढ्या गेल्या आणि शेवटी चारा आटला तेव्हा बायकांनी ससे धरले. त्यांनी मला गूळ-शेंगदाणे दिले आणि गोठा दाखवायला नेलं. गोठाच म्हणतात त्या अजून, जरी ती थंड हवा खेळवलेली पांढरीशुभ्र लांब खोली असली तरी. पिंजऱ्यांच्या रांगेत सगळ्यात टोकाला भागी होती. कापसाचा ढीग, त्यात दोन डोळे. द्रुपदाबाईंनी तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. ती नुसती बसली. तिचं नाक हलत होतं तेवढंच. मी तेवीस वर्षांत इतकं निवांत जनावर पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच मी तिच्याकडेही नीट रोखून पाहिलं.

मी स्वतः वीस पिल्लं निवडली. प्रत्येकाच्या कानावरचा गोंदलेला नंबर दोनदा वाचला, चिमटीनं लोकर उपटली आणि माझ्याच हातानं यंत्रात घातली. द्रुपदाबाई बाजूला उभ्या राहून चौकशी करत होत्या. जेवायला काय करू, रात्री पांघरूण किती लागतं. इतकी चौकशी करणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं, असं मी वहीत लिहून ठेवलं.

दोन तासांनी निकाल आला. तोच. विसापैकी तेरा पिल्लं भागीची नव्हती आणि त्यांचे नंबर प्रफुल्लच्या पाकिटांशी तंतोतंत जुळत होते. पाकिटांत काहीही खोटं नव्हतं. एकाच दिवशी, एकाच शाईनं, नीट बसून त्यानं एकसष्ट पाकिटं भरली होती, कारण तो कामाचा नेटका आहे. त्याला नेटकं राहायला मीच शिकवलं होतं.

बाहेर जाऊन मी सांगितलं की नमुने बरोबर निघाले.

"मंग शेरा काढशील?"

शेरा काढता येत नाही, मी म्हटलं. केलेली नोंद खोडायची नाही, हाही माझाच नियम. तिच्यापुढे दुसरा शेरा लिहिता येतो, पण त्यासाठी खरं कारण सापडायला हवं. खरं तर त्याच वेळी त्याची क्षमा मागायला हवी होती. पण माझं डोकं पुढे धावत होतं. नमुने खरे, तर पिल्लं खोटी. आणि पिल्लं द्रुपदाबाईंच्या ताब्यात. म्हणजे दुसऱ्या माद्यांची चांगली पिल्लं भागीच्या नावावर चढवून तिचा भाव वाढवला होता. माझा संशय बाकावरून उठला आणि गोठ्यात जाऊन बसला, एवढंच झालं.

बुधवारी सकाळी साडेसहालाच मी गोठ्याच्या दारात उभी राहिले. न सांगता. द्रुपदाबाई आणि दोन बायका कामाला लागल्या होत्या. आदल्या संध्याकाळी सत्याऐंशी नंबरची मादी व्यायली होती, अकरा पिल्लं झाली होती. सशिणीला थानं आठच असतात. सत्याऐंशी नंबरला बायकांनी नाव दिलं होतं बिजली, कारण ती पिल्लांच्या पेटीत उडी मारून घाईघाईनं पाजते आणि तीन मिनिटांत पळून जाते. सगळ्याच माद्या तसं करतात, दिवसातून एकदाच. रानात घरट्याशी रेंगाळणारी मादी कोल्ह्याला वाट दाखवते, म्हणून निसर्गानंच ती घाई त्यांच्यात घातली आहे.

द्रुपदाबाईंनी बिजलीच्या पेटीतून चार पिल्लं काढली. अंगठ्याएवढी, उघडी, मिटल्या डोळ्यांची. भागीलाही चार दिवसांपूर्वी पिल्लं झाली होती. तिच्या पेटीत तिनंच आपल्या पोटाची उपटून पसरलेली लोकर होती. ती मूठभर घेऊन द्रुपदाबाईंनी त्या चौघांना चोळलं, म्हणजे भागीचा वास लागावा, आणि तिच्या पेटीत ठेवून दिलं. मग भागीची तीन दांडगी पिल्लं उचलली, एक बिजलीकडे आणि दोन शेजारच्या पेट्यांत टाकली, म्हणजे अशक्तांना थानं मोकळी व्हावीत. भागी पेटीत शिरली, पसरली आणि पाजायला लागली. तीन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली, ती हलली नाही. द्रुपदाबाईंचा हात पूर्ण वेळ पेटीत होता. एकेका अशक्त पिल्लाला त्या थानाशी लावत होत्या, ओठानं काहीतरी पुटपुटत होत्या. मग हात पुसून पडद्यापाशी गेल्या आणि चार नव्या पिल्लांच्या नोंदी केल्या. आईच्या रकान्यात भागी.

मी दारातून पुढे झाले. अंगावर काटा आला होता, तो चोर सापडल्याचा.

"हे काय लिहिलंत तुम्ही?"

"भागीची चार लेकरं चढवली जी," त्या म्हणाल्या. आवाजात काही लपवल्याची खूण नव्हती.

"ती बिजलीला झाली आहेत. मी बघितलं."

"बिजलीले झाली, पाजनार तं भागी." माझ्याकडे त्या जरा काळजीनं बघायला लागल्या, शिकलेल्या बाईला एवढं कसं कळत नाही अशा नजरेनं. "बाई, आमच्या घरी गाय मेली न वासरू दुसरीले लावलं, तं थे दुसरीच्याच नावावर मोजतेत. माह्या सासूनं तसंच मोजलं, तिच्या सासूनंबी. जनम देनारी एका घडीची. पाजते थे खरी. न आमी लपवलं कुठं? रोज क्यामेऱ्याच्या तोंडापुढंच तं करतो."

ते खरं होतं. पेटीवर कॅमेरा होता आणि तीन वर्षांची चित्रं साठलेली होती. कुणी ती उघडलीच नव्हती, कारण आम्हाला हवे होते ते आकडे, आणि ते आपोआप येत होते. काखेत कळसा आणि मी नागपुराहून वळसा घालून आले होते.

मी खाली बसले, तिथेच, चाऱ्याच्या पोत्यावर. चोर मिळाला नव्हता. पण त्या पोत्यावर बसल्या बसल्या मला दुसरंच दिसायला लागलं.

अडतीस पिल्लांमध्ये भागीच्या रक्ताचा थेंब नव्हता, तरी ती शांत होती. मग शांतपणा आला कुठून? रक्तातून नाही. आणि उलट बाजूही तपासता येणार होती, कारण भागीची स्वतःची पिल्लं इतर माद्यांकडे गेली होती. मी दिवसभर बसून गोठ्यातल्या सगळ्या तरुण सशांची लोकर यंत्रात घातली. प्रफुल्लला हाक मारली, तो आला, ससे धरून देत राहिला. संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्या नावावर वाढलेली भागीची नऊ पिल्लं सापडली. पारखच्या गुणांत त्यांची सरासरी होती एक्केचाळीस. देशाच्या सरासरीच्याही खाली. पाच तर बिजलीकडे वाढलेली, टेबलावर हात लावू देत नव्हती.

रक्त आणि संगोपन वेगळं काढायचं असेल तर पिल्लं जन्मतः अदलाबदल करून वाढवावी लागतात. मोठमोठ्या प्रयोगशाळा हा प्रयोग करतात आणि त्याला वर्षं लागतात. इथे तो तीन वर्षं रोज सकाळी होत होता, कुणाला न कळता. सशाचं पिल्लू पहिल्या आठवड्यात, दूध पिताना, जो वास घेतं तो त्याला आयुष्यभर घाबरवत नाही. बाकीच्या माद्या पाजताना माणसाचा हात पेटीत येऊ देत नाहीत. भागी येऊ देत होती. दूध, भागीची जीभ आणि द्रुपदाबाईंचा हात हे त्या पिल्लांना एकदमच भेटत होते. ती माणसाला भ्यायला शिकलीच नव्हती. ते चाळीस नर स्वतः कितीही शांत असले, तरी त्यांच्या बीजातून पुढे काहीही जाणार नव्हतं. चाळीस केंद्रांवर लाखभर पिल्लं टेबलावर किंचाळली असती, आणि प्रत्येकाच्या दाखल्यावर माझी सही असती.

मी साहेबांना फोन केला आणि गुरुवारची रवानगी थांबवली. साहेबांनी आकडे दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, म्हणजे चोरी नाहीच का? त्यांच्या आवाजातही थोडी निराशाच होती.

प्रफुल्ल यंत्राची पेटी बंद करत होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, उत्साहानं, जणू आपण दोघांनी मिळून काहीतरी जिंकलं आहे. नऊ पिल्लांचे गुण दाखवले. शेवटी म्हटलं, "चूक कुणाचीच नव्हती बघ."

"माही तं नव्हतीच," तो म्हणाला. "तुही होती."

मी हो म्हटलं. माझं चुकलं, असं तोंडानं म्हटलं. आजवर मी हे शब्द फार थोड्या वेळा उच्चारले आहेत आणि ते मला नीट जमले नाहीत, मधेच नियमाचा उल्लेख आला. त्यानं पेटीची कडी लावली.

"द्रुपदाबाईनं जे केलं ना, थे म्या सहा वर्साचा असताना केल्लं होतं," तो म्हणाला. "तवाबी खोडाले तूच गेलती."

मला वाटत होतं तो ते विसरला असेल.

पुढचं सगळं रीतसर झालं. वंशनोंदीच्या नमुन्यात आता देशभर दोन रकाने आहेत, जन्म देणारी आणि पाजणारी. ते मी करवून घेतले. भागीचं पैदास-मूल्य पहिल्या क्रमांकावरून दोनशे सातव्यावर गेलं, पण आता तिला कुणी पैदाशीसाठी विचारत नाही, पाजण्यासाठी विचारतं. नरांऐवजी चिखलदऱ्याच्या बायका इतर केंद्रांवर जातात आणि पाजताना पेटीत हात कसा घालायचा, कोणत्या मादीला ते चालतं, हे शिकवतात. द्रुपदाबाई विमानानं कुलूला जाऊन आल्या. तिथली हवा बरी, पण सशांशी फार मोठ्यानं बोलतात म्हणे.

प्रफुल्लच्या लाल शेऱ्यापुढे मी त्याच आठवड्यात दुसरा शेरा लिहिला. संकलक पूर्णपणे निर्दोष, संशय तपासनीसाचा आणि तो चुकीचा. खाली नाव, हुद्दा, सही. पण खात्याची यंत्रं माणसं निवडताना लाल शेरे मोजतात, पुढचा मजकूर वाचत नाहीत. कायम करायच्या यादीतून त्याचं नाव आपोआप गळलं. मी चार पत्रं लिहिली, दोनदा दिल्लीला गेले. प्रत्येक ठिकाणी मला माझाच नियम वाचून दाखवला गेला. त्यानं राजीनामा दिला. मी फोन केले की उचलायचा, नेहमी. "बोला मॅडम," म्हणायचा. आवाज चढलेला नसायचा. जेवलास का, एवढंच विचारायची, आणि तो हो म्हणायचा.

द्रुपदाबाईंनी त्याला ठेवून घेतलं. लाल शेऱ्याचं त्यांना मी स्वतः सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमचं यंतर काय म्हनते थे तुमी पाहा. पोराचा हात चांगला हाय." ऐकते की आता सकाळी भागीच्या पेटीत त्याचा हात असतो.

परवा केंद्रांच्या नव्या कामगारांचे अर्ज तपासणीला आले. नियमाप्रमाणे प्रत्येक अर्ज तपासनीसानं मूळ दाखल्यांशी ताडून बघायचा. अठरा अर्ज होते. पाचवा चिखलदऱ्याचा, प्रफुल्ल इंगोले यांचा. अक्षर नेटकं, शाई एकच. मी जन्मतारीख बघितली, पत्ता बघितला, शिक्षण बघितलं. मग आईच्या नावाचा रकाना.

कै. शकुंतला.

मी शाळेचा दाखला काढून शेजारी ठेवला. पस्तीस वर्षांच्या माणसानं आईचं नाव बरोबर लिहिलं होतं, उकार-अनुस्वारासकट. मी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या नोंदीत चूक सापडावी असं मला वाटत होतं. सापडली नाही. मी 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलं आणि खाली सही केली.